फुलाबायची बघणी

फार वर्षांपूर्वी, आपल्या माडखार बंदरातले मचवे शिडावर चालायचे आणि तालुक्याला जायचं तर भरती बघून निघावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट मांडी घालून ऐका. मध्येच "मग चांगलं झालं ना?" असं विचारू नका. चांगलं काही झालं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून मला बोल लावायला नको.

त्या काळी साता समुद्रांपलीकडे कॅनडा नावाच्या देशात फ्लोरा नावाची एक बाई होती. तिच्या गावात निम्मं वर्ष बर्फ. अंगण पांढरं, छप्पर पांढरं, नदीसुद्धा पांढरी. एवढा कोरा मुलूख समोर असल्यावर पोर दुसरं काय करणार? ती काठीने बर्फावर चित्रं काढायची. मोठी झाल्यावर ती शहरात गेली. तिथे हलती चित्रं बनवणारं एक मोठं सरकारी घर होतं. चित्रं बनवायची पुरुषांनी आणि बायकांनी त्यात रंग भरायचे, अशी तिथली रीत. आपल्याकडे दर्यावर जायचं पुरुषांनी आणि पाटी डोक्यावर घ्यायची बायकांनी, तसंच ते.

फ्लोराने काय केलं, तर टाकून दिलेली कोरी फीत घरी नेली आणि शिवणाच्या सुईने तिच्यावरच चित्रं कोरली. कॅमेरा नाही, नट नाही. नखाएवढा एक पक्षी, त्याच्या खाली तोच पक्षी, पंख जरासा उचललेला, त्याच्या खाली आणखी जरासा. दिव्यापुढून फीत पळवली की पक्षी उडायचा. त्या देशात बाईमाणसाने असं काही करायची ती पहिलीच वेळ. असं म्हणतात, तो पक्षी पडद्यावर उडाला तेव्हा थेटरातली म्हातारी माणसं उठली आणि त्याला बाहेर जाता यावं म्हणून त्यांनी दारं उघडली. तिला पदकं मिळाली, मान मिळाला. मग मात्र तिचं मन उडालं. ती म्हणाली, "मी काढलेली माणसं मी नाचवेन तशी नाचतात. मला आता न विचारता चालणारी माणसं बघायचीत."

मग तिने खांद्यावर कॅमेरा घेतला आणि खरीखुरी माणसं टिपायला निघाली. लाकूडतोडे, खाणीतले मजूर, बर्फात भोक पाडून मासे धरणारे. त्यांना ती सोंग घ्यायला लावायची नाही, नुसती त्यांच्यात राहायची. राहता राहता पृथ्वीला वळसा घालून ती आपल्या बंदरावर उतरली. कोळ्यांची चित्रं घ्यायची म्हणाली. फ्लोरा काही आपल्या बायांच्या तोंडात बसेना, म्हणून ती फुलाबाय झाली.

ती राहायची मानकीकडे. मानकी म्हणजे बंदरातली सगळ्यांत तिखट जीभ. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मासळी विकून तिने एकुलता एक पोरगा वाढवला. त्याचं नाव हाशा. ऐन विशीत तो मचवा हाकणारा तांडेल झाला होता. फुलाबाय सकाळी बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील टिपायला बसली की मानकी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "हिच्या देशान बोंबील नसतान का गो? पोराचं बारसं असल्यागत बघत बसलीय!"

पण फुलाबायने सगळ्यांत जास्त टिपलं ते हाशाला. डोलकाठीवर चढणारा, दाताने दोर ओढणारा, भाकरीबरोबर कांदा फोडणारा, आईने शिवी दिली की मान मागे टाकून हसणारा. पोरगा होताच तसा. फिती मुंबईहून धुऊन परत आल्या तेव्हा तिने पुळणीवर दोन वाशांमध्ये जुनं शीड बांधलं आणि हाताने फिरवायचं यंत्र लावलं. शिडावर हाशा डोलकाठीवर चढायला लागला. बाजूला बसलेला हाशा गालात हसत होता, आणि मानकी शिडावरच्या हाशावर ओरडली, "मेल्या, हळू! पडशील ना!" अख्खी पुळण हसली. त्या संध्याकाळसारखी संध्याकाळ माडखारने पुन्हा बघितली नाही.

शिमगा झाला आणि हाशाचा मचवा गेला तो आलाच नाही. सकाळी वारा नव्हता, दुपारी होता, एवढंच लोक सांगू शकले. बाकीचे मचवे शोधत फिरले. फळी नाही, दोर नाही, माणूस तर नाहीच. दर्यात गेलेल्याचं हेच वाईट असतं. जमिनीवर मेलेल्याचं तोंड शेवटचं बघायला तरी मिळतं. मानकी रडली नाही. ती फुलाबायपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तो फितीचा डबा काढ."

फुलाबायने डबा काढला. शीड बांधलं. हाशा पुन्हा डोलकाठीवर चढला. त्या दिवशी मानकी त्याच्यावर ओरडली नाही.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागण झाली की मानकी शिडापुढे जाऊन बसायची. त्याच मचव्यावर गेलेल्यांच्या बायकाही यायच्या, पण हळूहळू त्या उठल्या आणि आपापल्या चुलीकडे गेल्या. मानकी तेवढी उठली नाही. कांदा फुटायचा, मान मागे जायची, हसू यायचं. संपलं की ती म्हणायची, "आनी एकदा."

अशात तिच्या देशातल्या त्या सरकारी चित्रघराचा निरोप आला, फिती घेऊन परत ये. फुलाबायलाही ते पटत होतं. हाशाच्या त्या फितीला दुसरी प्रत नव्हती आणि यंत्रातून जाता जाता तिच्यावर चरे पडत होते. तिने मानकीला समजावलं, की मी हिच्यावरून दुसरी करून आणते, मग तुला जन्मभर पुरेल. मानकी डब्यावर बसली. नुसती म्हणायला नव्हे, खरंच बसली. म्हणाली, "एक डाव दर्यान नेला. आता तू नेतेस?"

फुलाबाय रिकाम्या हाताने गेली. जाताना एवढंच सांगून गेली, "मानकीबाय, हिला ओल लागू देऊ नकोस." असं म्हणतात, चित्रघरात तिला विचारलं की एवढे दिवस काय केलंस, फिती कुठे आहेत. ती म्हणाली, "ज्याच्या आहेत त्याच्या घरी." तिला तिथून काढून टाकलं. भिंतीवरचं तिचं चित्रही उतरवलं. जिने पहिला पक्षी उडवला, तिची तिथे खूणही उरली नाही.

इकडे पावसाळा लागला. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. मानकीने डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, रोज उघडून बघत होती. एक दिवस तिला वास आला. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. सुक्या मासळीवर धरते तशीच.

आता बुरशी धरली की कोळीण काय करते? तिच्या आईने, आजीने, पणजीने जे केलं तेच करते. मानकीने पावसाची उघडीप धरली. फीत खाऱ्या पाण्यात धुतली. दोन्ही अंगांनी मीठ चोळलं. फडक्याने वीत वीत पुसून काढली आणि वलांडीवर, बोंबलांच्या शेजारी, उन्हात टांगली. बाकीच्या बाया मदतीला आल्या. कावळे येऊ नयेत म्हणून मानकी दिवसभर हातात काठी घेऊन खाली बसून राहिली. फीत अगदी स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ, की तिच्यातून पलीकडचा दर्या दिसायला लागला.

तुम्हाला कळलं काय झालं ते. तिला कळलं नव्हतं. तिला वाटत होतं, आत चित्रं असतात आणि वरचा मळ गेला की ती जास्त उजळ दिसतील. यंत्र चालवणारं गावात कोणी नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला? तिने फीत गुंडाळली, डब्यात ठेवली आणि फुलाबायची वाट बघत बसली.

पाऊस सरला आणि फुलाबाय आली. नोकरी गेलेली, केस पांढरे झालेले. मानकी किनाऱ्यापर्यंत धावत गेली आणि डबा तिच्या हातात देत म्हणाली, "बघ गो, कशी लख्ख ठेवलीय! ओल लागून दिली नाय."

फुलाबायने डबा उघडला. फीत उजेडाकडे धरली. खरं सांगायची तिची छाती होईना. तिने गुपचूप शीड बांधलं, दिवा लावला, फीत यंत्रात घातली आणि फिरवायला लागली. शिडावर पांढरा उजेड पडला. मानकी पुढे बसली होती. थोडा वेळ गेला. ती म्हणाली, "पोर कवा येल?" फुलाबाय फिरवत राहिली. आणखी थोडा वेळ गेला. फितीचं टोक सुटून यंत्रात फडफडायला लागलं.

मानकी उठून शिडापाशी गेली. त्या उजेडावर तिने तळहात फिरवला, मग आपलाच तळहात उलटा करून बघितला. "म्या पुसला," ती म्हणाली. "दर्यान नाय, बाय. म्याच त्याला माज्या हातान पुसला." आणि मग ती रडली. मचवा गेल्यापासून साचलेलं सगळं रडली. असं म्हणतात, त्या वेळी भरती वाळूच्या निम्म्यावर थबकली आणि माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी फुलाबाय ती कोरी फीत मांडीवर घेऊन पडवीत बसली. माकूळ मासळीची शाई वाटीत काढली, सुई घेतली आणि मानकीला म्हणाली, "तू सांग. मी काढते." माणसं काढायचं तिने केव्हाच सोडलं होतं. आता पुन्हा तेच.

मानकी सांगायला लागली. होडीतून उतरताना डावा पाय आधी टाकायचा. पाटी उचलताना गुडघ्याने रेटा द्यायचा. उजवा खांदा जरा खाली, लहानपणी पडला होता. फुलाबाय नखाएवढा हाशा काढायची, त्याच्या खाली पाय जरासा उचललेला हाशा, त्याच्या खाली आणखी जरासा. महिने गेले. तिची नजर मंदावत गेली तशी ती फीत डोळ्याला चिकटवून काढायला लागली. असं म्हणतात, डोलकाठीवर चढणारा हाशा पुरा झाला तेव्हा फीत यंत्रात न घालताच हलत होती, आणि ओल्या शाईला घामाचा वास येत होता.

मग तोंडाची पाळी आली. फुलाबायने विचारलं, "हसताना कसा दिसायचा?"

मानकीने बोटाने हवेत त्याचं तोंड काढायला घेतलं, ते अर्धंच राहिलं.

तिला सांगता येईना. तिने डोळे मिटून बघितले, उघडून बघितले. शेवटी म्हणाली, "बाय, मना शिडावरला तेवढा आठवतो. माजा नाय आठवत. आनी शिडावरला म्या पुसला." रोज रोज तेच हसू बघून आतलं खरं हसू कधी झिजून गेलं, ते तिला कळलंच नव्हतं. पाळण्यातला हाशा, तापाने फणफणलेला हाशा, जेवताना खाली मान घालून बसलेला हाशा, सगळ्यांच्या तोंडावर पांढरा उजेड पडला होता.

फुलाबायने आपल्या आठवणीतून तोंड काढलं. कॅमेऱ्यातून तिने त्याला पुष्कळ पाहिलं होतं. यंत्र फिरवलं, हाशा मान मागे टाकून हसला. तिने विचारलं, "हाच ना?"

मानकी शिडाच्या अगदी जवळ गेली. "असंल बाय," ती म्हणाली. "असंल."

फुलाबायने ते तोंड खरवडलं आणि दुसरं काढलं. "असंल." तेही खरवडलं, तिसरं काढलं. "असंल बाय, हाच असंल." मानकी ज्याला त्याला हो म्हणत होती. तिला नाही म्हणायचीच भीती वाटत होती. अशी तोंडं काढता काढता आणि खरवडता खरवडता त्या जागी फीतच फाटली. फुलाबाय आंधळी झाली. आंधळी झाल्यावरही पडवीत बसून ती बोटांनी फीत चाचपायची आणि विचारायची, "मानकीबाय, बघ, हा का?" समोर कोरी फीत असायची. मानकी म्हणायची, "असंल."

दोघी एकाच साली गेल्या. फुलाबायला कुठे न्यायचं, हे कोणाला कळेना. शेवटी कोळ्यांनी तिला मचव्यात घातलं, त्या जुन्या शिडात गुंडाळलं आणि हाशा गेला त्या पाण्यात सोडलं. तिकडे तरी भेट झाली असेल, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने म्हणावं. मला तसं वाटत नाही.

आता आपण दर वर्षी जे करतो ते तुम्ही बघता. पावसानंतर मचवे दर्यावर निघायच्या आदल्या दिवशी, उन्ह चांगलं असताना, घराघरातली बाई आपल्या माणसाला उंबऱ्यावर बसवते. आई पोराला, बायको नवऱ्याला, बहीण भावाला. समोर बसून त्याच्याकडे बघायचं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तळहात फिरवायचा. बोलायचं नाही. त्या दिवशी माडखारमध्ये कोणी फोटो काढत नाही, मोबाइल कणगीत टाकून वर झाकण ठेवतात. पाहुणे हसतात, हसू देत. यालाच आपण फुलाबायची बघणी म्हणतो.

मीही बसलो आहे त्या उंबऱ्यावर, आईपुढे आणि नंतर बायकोपुढे. आणि ज्यांची माणसं त्यानंतर परत आली नाहीत, अशा बायांना मी विचारलंही आहे, बघणीचा काही उपयोग झाला का? आठवतं का तोंड? त्या हातातलं काम थांबवतात, दर्याकडे बघतात आणि म्हणतात, "तळहाताला आठवतं."