टोपलीतल्या तपकिरी अळंब्या

"पण मग यात विष कुठे दिसतं तुम्हाला, सांगा ना!"

खापेकर सरांनी टोपली झुरीआजीच्या पुढ्यात आदळली. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, आणि न शिकवता त्यांना फार वेळ गप्प बसवत नाही. तीन पावसाळे ते या सालवनात म्हातारीच्या मागे फिरून अळंबी ओळखायला शिकत होते. आज पहिल्यांदाच एकटे गेले आणि टोपली भरून आले. तिकडे कॉलेजच्या शिबिरात वीस पोरं अळंबीच्या रश्श्याची वाट बघत होती. चूलही पेटली होती.

पण इथला रिवाज असा, की झुरीआजीने 'हूं' म्हटल्याशिवाय टोपली चुलीपाशी जात नाही.

"हे बघा. टोपीखाली पापुद्रे नाहीत, स्पंजासारखी बारीक भोकं आहेत. कापलं तरी निळं पडत नाही. वास तर काय सुंदर! अन् किड्यांनीसुद्धा खाल्लंय."

"किड्याचं पोट किड्याजवळ, मास्तर."

आजीने एक अळंबी उचलून उलटी केली. देठ बघितला.

"याचं बूड कुठाय?"

"मातीत. मी सुरीने वरून कापतो. स्वच्छ काम."

"अन् झाड?"

"झाड...? झाडं पुष्कळ होती."

"अरे बाप्पा! चला, दाखवा जागा."

जागा सापडली. सालाच्या झाडाखाली पाच-सहा कापलेली बुडखी होती. आजीने काडीने माती उकरली. बूड बारीक, सरळ निघालं.

दहा पावलांवर मोहाच्या झाडाखाली आणखी चार होती. तिथलं बूड कांद्यासारखं फुगलेलं. "ही विषाची," आजी म्हणाली.

"अरेच्चा!" सर चिखलात गुडघ्यांवर बसले. पँटचं भान नाही, चुलीचंही नाही. "या दोन जाती आहेत! वरून अगदी सारख्या! असं कसं माझ्या लक्षात आलं नाही?"

आजीने टोपली पुढे सरकवली.

"यातली सालाखालची कोणती, मोहाखालची कोणती?"

सरांनी एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली... सगळ्या तपकिरी, सगळ्या स्वच्छ कापलेल्या.

"नाही सांगता येत. तुम्ही सांगा."

"मलाही नाही येत."

सरांना ते खरंच वाटेना. मग त्यांना रागच आला.

"आजी, साठ वर्षं या रानात फिरता तुम्ही! वीस पोरं तिकडे उपाशी बसलीत. मग इतक्या वर्षांत शिकलात तरी काय?"

झाडांच्या वर शिबिराचा धूर दिसत होता. आजीने एकदा तिकडे बघितलं.

मग तिने टोपली सरांच्या हातात दिली.

"टोपली उपडी करायला शिकले. करा."