पुरे कधी म्हणायचं?

राणीसाहेबांची नथ हरवली आणि राजज्योतिषी गदाधरशास्त्र्यांनी बेधडक बोट दाखवलं ते भांडी घासणाऱ्या येसूकडे.

"पुरावा?" महाराजांनी विचारलं.

"माझी विद्या! कवडी उताणी पडणार की पालथी, ते मी आधीच सांगतो. मात्र परीक्षा कधी थांबवायची, ते मी ठरवणार."

महाराज कवडी उडवू लागले. शास्त्रीबुवा चुकले, पुन्हा चुकले, मधेच बरोबर आले. दर चुकीला म्हणायचे, "अजून एकदा!" असं करता करता बरोबर उत्तरं चुकांपेक्षा एकाने वाढली, तशी ते गरजले, "पुरे! विद्या सिद्ध झाली."

येसूचं डोकं मात्र ठिकाणावर होतं.

"सरकार, ही विद्या मलाही येते. अट तीच."

महाराजांनी मान डोलावली.

"उताणी," येसू म्हणाली. कवडी उताणीच पडली.

"पुरे! माझी विद्या सांगते, नथ शास्त्रीबुवांनीच घेतली."

"एवढ्यात पुरे?" शास्त्रीबुवा किंचाळले. "आणि पालथी पडली असती तर?"

"तर मीही म्हटलं असतं, अजून एकदा!"

महाराजांना हसू आवरेना. येसूला मोकळं करून ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, आता नथ तुम्हीच शोधा. आणि ती सापडेपर्यंत पुरे म्हणायचं नाही!"