म्हाळूनं निवडलेला चाकू

“...पण चाकूच कापत नसेल, तर माणसानं करायचं काय, बुवा?”

पुष्करनं पुन्हा तेच विचारलं. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

मांडीवर दोर घेऊन बुवा वीतवीत चाचपत होते.

आमचे बुवा बैरागी. गडाच्या कड्यातल्या गुहेत राहतात, अंगावर भगवी कफनी. पण शिकवतात ते दोर, गाठी आणि कडे उतरणं. कुणी मोक्षाचं विचारलं तर म्हणतात, “आधी गाठ नीट मार.” मी त्यांच्यापाशी बरीच वर्षं आहे. पुष्कर शहरातून यायचा, म्हाळू खालच्या वाडीतला. दोघं नेहमी बरोबर असायचे. आता पुष्कर एकटाच आला होता.

झालं ते असं. धबधब्याची घळ दोरावरून उतरताना म्हाळूच्या सदऱ्याचं टोक, दोर सरकतो त्या कमरेच्या कडीत ओढलं गेलं. तो मध्येच लटकला, ना खाली ना वर, आणि डोक्यावर पाण्याचा मारा. तेवढं कापड कापलं असतं तर सुटला असता. पुष्कर माणसं घेऊन परत आला तोवर म्हाळूचा गारठून जीव गेला होता.

पुष्करनं वाडीत सांगितलं, “मी दुसऱ्या दोरानं त्याच्यापर्यंत उतरलो, खूप खटपट केली, पण चाकूनं दगा दिला.”

“आज म्हाळूचे वडील येणार आहेत ना?” पुष्कर म्हणाला. “तुम्ही एक शब्द टाका, बुवा. चाकू वाईट होता एवढंच सांगा. तुमचं ते मानतील.”

“आणि तुझं?”

“माझ्याकडे... ते बघतच नाहीत.”

बुवांनी दोर बाजूला ठेवला.

“चाकू कुणी आणला होता?”

“म्हाळूनंच. आठवडी बाजारातून. स्वस्तातला. मी म्हणत होतो त्याला, जिवाच्या वस्तूत काटकसर नको.”

हे मात्र साफ खोटं. तो चाकू आणला त्या दिवशी मी इथंच होतो. शहरातल्या दुकानातला चाकू म्हाळूच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून पोरानं सगळा बाजार पालथा घातला होता, घासाघीस करून दुकानदाराला रडकुंडीला आणलं होतं. मुठीत शिट्टी, पाठीला करवतीचे दात, म्यानाला चकमकीची कांडी. काय मिरवला होता त्यानं तो! आणि हाच पुष्कर पाठीवर थाप मारून म्हणाला होता, “लेका, जिंकलास!”

पण पाती काही म्हाळूनं कुणाला उघडून बघू दिली नाही. पहिला काप कामाचा होऊ दे, म्हणायचा.

बुवा म्हणाले, “गोमाजी काय बोलतो ठाऊक आहे तुला? म्हणतो, माझ्या पोराला धड चाकू पारखता आला नाही. स्वतःच्या अकलेनं मेला, म्हणतो. चुलीपाशी बसून मेलेल्या पोराला शिव्या घालतोय तो.”

“मग... त्यात चूक काय आहे?”

अस्सा संताप आला मला! चहाचं भांडं हातात होतं, ते आदळलंच मी चुलीवर. बुवांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

“दे इकडं,” बुवा त्याला म्हणाले.

“काय?”

“चाकू. तुझ्या कमरेला आहे तो.”

पुष्करचा हात म्यानावर गेला आणि तिथंच राहिला.

“आता काय बघायचंय त्यात, बुवा...”

“दे.”

त्यानं पट्ट्यातून म्यान सोडवलं. वेळ लावला.

बुवांनी मूठ धरली आणि चाकू बाहेर ओढला.

पातीवर वर्तमानपत्राचा कागद होता.

बाजारात लोखंडी माल गंजू नये म्हणून वर ग्रीस फासतात आणि कागद गुंडाळतात. तसाच होता तो. घट्ट चिकटलेला, कुठं फाटलेला नाही, कुठं चिरलेला नाही.

मला खाली ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

बुवांनी नखानं कागद सोलला. खाली काळपट ग्रीसचा जाड थर. तो त्यांनी अंगठ्यानं पातीच्या टोकापर्यंत निपटून काढला. मग कफनीचं टोक पाण्याच्या घागरीत बुडवलं, चिंब केलं आणि त्यावर धार टेकवली.

जोर लावावाच लागला नाही. भगवी चिंधी पुष्करच्या पायाशी पडली.

“ओलं कापतो,” बुवा म्हणाले.

पुष्कर खाली बसला.

“आता बोल.”

“मी त्याच्यापर्यंत उतरलोच नाही.”

“हं.”

“वरूनच बघितलं. तो ओरडत होता...”

“काय ओरडत होता?”

पुष्करनं मान हलवली. नाही, नाही. पण बुवा थांबून राहिले. त्यांचं ते थांबणं मी ओळखून आहे. त्यापुढं कुणाचं चालत नाही.

“चाकू दे आणि मग जा, म्हणाला. दोरीला बांधून सोड, म्हणाला.”

“मग?”

“मला मदत आणायला जायचं होतं, बुवा! एकट्यानं. एवढं रान तुडवत. सकाळीच वाटेवर बिबट्याचे ठसे बघितले होते आम्ही. चाकू खाली सोडला आणि पाण्यात गेला असता तर? माझ्याकडे काय राहिलं असतं? जीव वाचवायला काहीतरी जवळ नको...?”

वाक्य अर्धंच राहिलं. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

“उतरताना चाकू कुणाच्या कमरेला असतो?” बुवांनी विचारलं.

हा तर पहिल्या दिवशीचा धडा. इथं आलेलं पोर गाठ शिकायच्या आधी हे शिकतं.

“वरच्याच्या,” पुष्कर पुटपुटला.

“का?”

“...कारण अडकतो तो खालचा.”

बुवांनी मान डोलावली. चाकू उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“चांगला आहे रे,” ते म्हणाले. “म्हाळूला पारख होती. जीव वाचवायला घेतला होता ना? एक वाचवला की त्यानं.”

पुष्करनं तोंड झाकून घेतलं. रडला. मला दया यायला हवी होती. नाही आली. खोटं कशाला सांगू? मला ते घळीतलं पोर दिसत होतं, वर बघणारं.

एवढ्यात खालच्या पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. मी डोकावलो. गोमाजी येत होता. वळणावर थांबून दम खात होता. हातात लेकाची टोपी होती.

पुष्कर धडपडत बुवांच्या पायाशी आला.

“बुवा, तुमच्या पाया पडतो. त्यांना सांगू नका. म्हातारा माणूस आहे, सोसणार नाही त्याला. चाकू वाईट होता म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं? म्हाळू काही परत यायचा नाही...”

“मी काही सांगणार नाही,” बुवा म्हणाले.

पुष्करनं वर पाहिलं. चेहऱ्यावर केवढा जीव आला त्याच्या!

आम्ही कडा उतरायला निघालो की बुवा प्रत्येकाच्या कपाळाला अंगारा लावतात. धुनीतली राख अंगठ्यावर घ्यायची आणि भुवयांच्या मधून केसांपर्यंत ओढायची. घळीत जायच्या सकाळी दोघांनाही लावला होता. म्हाळू हसत होता, गुदगुल्या होतात म्हणून.

आता बुवांनी पुष्करची हनुवटी धरली. अंगठ्यावर पातीचं ग्रीस तसंच होतं. तो अंगठा त्यांनी त्याच्या कपाळावर ओढला. सावकाश, खालून वर.

काळी रेघ उमटली.

मग चाकू म्यानात घालून त्याच्या हातात दिला. सोललेला कागद त्याच्या खिशात कोंबला.

काठीचा आवाज जवळ आला.

“गोमाजी दमून आलाय,” बुवा म्हणाले. “पाण्याचा तांब्या घे आणि सामोरा जा... कपाळ पुसू नकोस.”