गुडघ्यावरचं सोंग

एका राज्यात, जिथे डोंगर ऐकत असत आणि साळुंक्या बोलत असत, सुभान नावाचा तरुण सोंगाड्या होता. त्याचा थोरला भाऊ केरोजी खाणीत राबे आणि धाकट्याला पोशी.

त्याच डोंगरात कपारी लोक राहत. उंचीने आपल्या कमरेइतके. नगरात त्यांना ठेंगू म्हणत. त्यांचं सोंग आणताना सुभान बोंडासारखं नाक लावी, गुडघ्यांवर चाले, चिरक्या आवाजात बोले. दरबार लोटपोट होई.

एके दिवशी निंगो नावाचा कपारी दरबारात आला. दाढी पिकलेली, पाय रक्ताळलेले. द्वारपालाने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, लहान मुलाला द्यावा तसा.

"महाराज," निंगो म्हणाला, "डोंगराच्या पोटात पाणी भरलं आहे. खाणीतली माणसं आजच बाहेर काढा."

राजा विचारात पडला. तेवढ्यात सुभानला राहवलं नाही. तो निंगोच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि तेच शब्द चिरकत म्हणाला. राजा हसला. निंगो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी डोंगर खचला. कपाऱ्यांनी नखं तुटेस्तोवर माती उपसली. वीस माणसं जिवंत काढली. एकविसावा केरोजी होता. तो जिवंत नव्हता.

चितेपाशी सुभानने "दादा" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला हसू फुटलं. आई खदखदा हसली. खांदेकरी हसले. डोंगराचा शाप होता तो: ज्या राज्याने इशाऱ्याला हसून उत्तर दिलं, त्याला रडू येणार नाही.

दादासाठी एकदा रडता यावं, एवढंच सुभानला हवं होतं. तो डोंगर चढू लागला. वाटेत साळुंकी भेटली.

"डावीकडे वळ," ती म्हणाली. "आणि तोंड लपवू नकोस. तुला इथे सगळे ओळखतात."

कपाऱ्यांची वडीलधारी होती कोंडाई. तिला पाहताच सुभान गुडघ्यांवर कोसळला.

"ऊठ!" ती कडाडली. "पुन्हा तेच सोंग?"

"आई, मी तर लीन होऊन..."

"आम्ही म्हणजे खाली दुमडलेली मोठी माणसं नव्हेत. आम्ही पायांवर उभे असतो. तूही राहा."

सुभान उठला. त्याचे कान तापले. "आई, तुमची जादू मागे घ्या."

"आमच्यात जादू असते, हे कुणी सांगितलं? तुझ्याच खेळांनी ना? शाप डोंगराचा आहे. तोडायचा तर तीन कामं कर. निंगो कशाला हसतो, ते मला सांग. कशाला चिडतो, ते सांग. मग तिसरं सांगेन."

सुभान निंगोच्या घरी राहिला. निंगो त्याच्याशी बोलत नसे. सुभानचं कपाळ चौकटीला आपटलं, तरी निंगो हसला नाही. पण बायकोने त्याच्या घोरण्याची नक्कल केली, तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. चिडायचा तो मुलांनी हत्यारं न पुसता ठेवली की. आणि एकदा सुभानने गुळाचं नाव काढलं, तेव्हा तो ताटावरून उठून गेला.

सुभानने हे सारं कोंडाईला सांगितलं. त्या दिवशी त्याला अन्न गेलं नाही.

"आता तिसरं," ती म्हणाली. "दरबारात पुन्हा निंगो हो."

दरबार भरला. निंगोही आला होता. सुभान मधोमध सरळ उभा राहिला.

"अरे, खाली बस की!" एक सरदार ओरडला. "नाक कुठे हरवलं?"

सुभान बसला नाही. त्याने रक्ताळलेल्या पायांनी चालावं तसं एकेक पाऊल टाकलं. तळहात पुढे केला, त्यावर काही ठेवल्यागत त्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली. मग आपल्याच आवाजात, पन्नाशीच्या बापाच्या रागाने म्हणाला, "महाराज, डोंगराच्या पोटात पाणी भरलं आहे. खाणीतली माणसं आजच बाहेर काढा."

कुणी हसलं नाही. द्वारपालाने मान खाली घातली. सुभानला पुढचं बोलायचं होतं. त्याऐवजी "दादा, मीच रे" एवढंच बाहेर आलं आणि तो रडू लागला. मग राजा रडला. मग घराघरांतून रडणं ऐकू आलं, महिन्याभराचं साचलेलं.

राजा सिंहासनावरून उतरला. "निंगोजी, आता डोंगर काय म्हणतो?"

"पूर्वेची वस्ती आज हलवा."

दवंडी पिटली गेली. सुभान निंगोपुढे उभा राहिला. "मला क्षमा करा."

"नाही," निंगो म्हणाला. "तुझा दादा मी उपसून काढला. त्याची बोटं अजून गरम होती."

सुभान जायला वळला.

"वस्तीत एक पांगळी म्हातारी आहे," निंगो पुढे म्हणाला. "मला एकट्याला उचलवणार नाही. चल."

सुभान गेला. सूर्य मावळायच्या आत पूर्वेची वस्ती रिकामी झाली आणि मगच डोंगर कोसळला. एकाही माणसाचा जीव गेला नाही. त्या राज्यात पुढे कपाऱ्यांचं सोंग ज्याला आणायचं असे, त्याला आधी त्यांच्या घरी राहावं लागे. सुभानने ते पुन्हा कधी आणलं नाही.