जटेतलं पाणी

"मग या डोंगराला दाता म्हणायचं की कंजूष?" सोमगिरीनं रिकामी घागर ओट्यावर आदळली. "श्रावणात ह्यानंच पाणी सोडून खालच्या वाडीचा गोठा गुरांसकट नेला. आता शिमगा आला, तर कुंडात पेला बुडत नाही."

म्हातारे केवळगिरी मठीच्या ओट्यावर ऊन खात बसले होते.

"शिव्या देऊन झाल्या?"

"महाराज, मी विचारतोय."

"विचार की. डोंगर कुठं जातोय..."

सोमगिरीची दीक्षा नुकतीच झालेली. डोकं तुळतुळीत होतं, मान ताठ होती. मठीपुढं सभामंडप उठवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. वरचा सगळा उतार लाकूडवाल्यांनी गेल्या साली उघडा केला होता. उरली होती मठीमागची राई. मंडपाच्या लाकडासाठी ती तोडायला उद्या माणसं यायची होती. गुरूंचा होकार तेवढा राहिला होता.

"राईचं बोलायचं होतं..."

"बोलू. आधी अंघोळ घाल मला."

"कुठल्या पाण्यानं?"

"असेल तेवढ्यानं."

कुंडाचा तळ वाटीनं खरवडून त्यानं कसाबसा तांब्या भरला.

"अर्धंच ओत," केवळगिरी म्हणाले.

त्यानं ओतलं. पाणी म्हाताऱ्याच्या जटांत शिरलं आणि दिसेनासं झालं. खाली थेंबही आला नाही.

मग गुरूंनी तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी शिष्याच्या डोक्यावर उपडं केलं.

ते डोळ्यांत गेलं, नाकात गेलं. सोमगिरी ठसकला, धडपडला. ओट्यावरून ओघळ अंगणात पळाला.

"बस आता."

दोघं बसून राहिले. ऊन चढलं. सोमगिरीचं डोकं केव्हाच वाळून तापलं.

म्हाताऱ्याच्या जटेच्या टोकाशी एक थेंब धरला... सुटला. मग दुसरा.

केवळगिरींनी तळवा खाली धरला. जरा ओल जमली, तशी ती शिष्याच्या तापल्या डोक्यावर हळूच फिरवली.

सोमगिरीनं मठीमागच्या राईकडं नजर टाकली.

"तोडली तरी झाडं परत लावू, महाराज," तो पुटपुटला. "केसांसारखी तीही वाढतातच की."

हात डोक्यावर तसाच राहिला.

"वाढतील, बाळा. तेवढे दिवस तहान लावून घेऊ नका, असं वाडीला सांगून ये."