पहिल्या आरतीचा मान

ज्या पायांवर आपण मस्तक ठेवले, त्याच पायांना अपवित्र म्हणणाऱ्या माणसास काय म्हणावे, श्रोतेहो?

शंभराहून अधिक वर्षे झाली. आठ वर्षांची हिरू आपल्या आईच्या नाटकमंडळीत बालकृष्ण होई, आणि तिला पाहण्यास गावेच्या गावे लोटत. मंडळी वारणगाव संस्थानात उतरली, तेव्हा कारभारी गंगाधरपंतांनी आपल्या घरी गाण्याची खासगी बैठक मागितली. हिरूची आई सारजाबाई हिने नकार दिला. पंतांनी मनात डूख धरला. परंतु देवाच्या सोंगाला पहिली आरती ओवाळण्याचा मान त्यांचा होता, आणि तो त्यांना सोडवेना. खेळाच्या आरंभी, संस्थानाच्या राजेसाहेबांसमक्ष, त्यांनी हिरूला ओवाळले, तिच्या पायांवर डोके ठेवले आणि उठताच ते गरजले,

"बंद करा हा खेळ! नाटकवालीची पोर देव होते? हा विटाळ आहे, सरकार. मंडळीला आजच हद्दपार करा!"

सारजाबाईने पडद्याची कड घट्ट धरली. पण ईश्वर अशा वेळी लहान तोंडाला बळ देतो. हिरूने विचारले,

"कारभारीसाहेब, आत्ता आपण कुणाच्या पाया पडलात?"

"देवाच्या! आणखी कुणाच्या?"

"मग देवाला हद्दपार करणारे आपण कोण? आणि मी देव नसेन, नुसता विटाळ असेन, तर विटाळाला भर सभेत ओवाळलेत कसे?"

राजेसाहेब म्हणाले, "पंत, पोरीला उत्तर द्या."



राजेसाहेबांच्या हुकुमाने त्याच क्षणी पंतांचा कारभार गेला; आणि मंडळीचा मुक्काम हलेपर्यंत प्रत्येक खेळाला, हिरूवर उजेड पडावा म्हणून, त्यांना रंगभूमीच्या कडेला मशाल धरून उभे राहावे लागले.