दोन बोटांची जागा

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांची शिष्या तान्ह्या लेकराला घेऊन आली, ती शिक्षण सोडते आहे हे सांगायला. शब्दांची मुळे शोधण्याची विद्या ती त्यांच्याकडे शिकत होती. लॅटिन असो की वेदांमधली भाषा, कुठल्या शब्दाचे आजोळ कुठले, हे ती झटकन सांगे. स्वतःचे पोर का रडते, हे मात्र तिला सांगता येत नव्हते.

चैत्रातली दुपार होती. तरी वारा लागू नये म्हणून तिने बाळाला दुपट्यात असे करकचून बांधले होते की नाक तेवढे दिसत होते. त्या नाकामागून टाहो चालला होता.

"मला जमायचं नाही, गुरुजी. हा झोपला की श्वास चालू आहे ना बघते, जागा असला की झोपत का नाही म्हणून बघते. डॉक्टर म्हणाले, याला अँक्झायटी म्हणतात, उपचारानं कमी होईल. पण मला वाटतं, मी आईच मुळात कच्ची. त्यात अभ्यास कुठून करू?"

आचार्य उठले आणि दुपट्याची गाठ सोडू लागले.

"अहो, गारठेल तो!"

"या उन्हात? मग माझीही शाल आण."

तिला हसू आले, तरी त्यांना थांबवायला हात पुढे झालेच. तोवर त्यांनी दुपटे पुन्हा गुंडाळले होते, आत दोन बोटे जातील इतके सैल. बाळाचा हात बाहेर आला, मूठ तोंडात गेली, रडणे थांबले.

"आता त्या 'अँक्झायटी' शब्दाचं मूळ सांग."

ती सवयीने सांगू लागली, "लॅटिन 'आंगेरे', म्हणजे आवळणं, गळा दाबणं. त्याच्याही मागचं मूळ 'अरुंद' या अर्थाचं. वेदांमधला 'अंहस्', म्हणजे कोंडी, संकट, त्याच घराण्यातला..." आणि ती थबकली.

"बघ, 'कच्ची आई' असं त्यात कुठेच नाही. जागा अपुरी पडते आहे, एवढंच आहे. अंहसातून सुटताना ऋषी मागत ते 'उरु', ऐसपैस जागा. तू याला मायेनंच आवळलंस, आणि स्वतःलाही. आता थोडं सैल कर. रोज येऊ नकोस. जमेल तेव्हा ये, याला घेऊन ये. रडला तर पाठ थांबेल."

"आणि हा रडायचा थांबलाच नाही तर?"

"तर मी त्याला खेळवीन, तू मला पाठ दे."

शिष्येने चटई ओढली, बाळाला मांडीवर घेतले आणि विचारले, "गुरुजी, मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो?"